एकोणचाळीस शतके की चाळीस?

काही दिवसांपूर्वी एका शाळेत पाचवीच्या वर्गात तासभर बसण्याचा योग आला. विषय होता संख्येची आसन्न किंमत. बाईंनी फळ्यावर ३,९७६ ही संख्या लिहिली आणि शंभराच्या पटीतली तिच्या सर्वांत जवळची संख्या काढायला सांगितली. माझ्या शेजारच्या मुलीने वहीत लिहिले : ३,०००.

"हे कसे काढलेस?" मी विचारले. तिने नियम घडाघडा म्हणून दाखवला. "दशकाच्या घरात सात आहे. सात पाचापेक्षा मोठा, म्हणून शतकाचा अंक एकने वाढवायचा. नवाचे दहा झाले. दहातला शून्य लिहिला आणि पुढे दोन शून्ये दिली."

नियम बरोबर होता, फक्त हातचा राहून गेला होता. मी म्हटले, "सहलीचे ३,९७६ रुपये जमले आणि तू बाईंना सांगितलेस, सुमारे तीन हजार जमले. चालेल?" ती हसली. "नाही सर, चार हजार म्हणायला पाहिजे!"

म्हणजे उत्तर तिला ठाऊक होते. नियमाच्या मागे जाताना ते हातातून सुटले. जवळजवळ हजाराची चूक झाली, तरी वहीतल्या संख्येकडे पाहून तिला काहीच खटकले नाही. माझ्या मते काळजी करण्यासारखी गोष्ट ही आहे. विसरलेला हातचा त्यामानाने किरकोळ.

अंक वेगळा, एकूण वेगळे

३,९७६ मध्ये शतके किती, असे विचारले की बहुतेक मुले 'नऊ' म्हणतात. शतकाच्या घरातला अंक नऊ आहे हे खरे. पण संख्येत एकूण शतके नऊ नाहीत. हे ३,९७६ रुपये शंभराच्या नोटांत घ्यायचे ठरवले तर ३९ नोटा मिळतील आणि ७६ रुपये सुटे उरतील. शतके ३९ आणि वर ७६.

आता प्रश्न सरळ होतो. ३९ शतकांवर थांबायचे की ४० पुरी करायची? मागे जायचे तर ७६ पावले, पुढे जायचे तर २४. अर्थातच पुढे. चाळीस शतके म्हणजे ४,०००. यात हातचा कुठे आला? कुठेच नाही. ३९ नंतर ४० येतात, एवढेच मुलाला माहीत असावे लागते.

इथे आपली भाषा मदतीला येते. 'एक हजार पाचशे' म्हणण्याऐवजी आपण सहज 'पंधराशे' म्हणतो. तसे म्हणताना आपण एकूण शतके मोजलेली असतात. वर्गात थोडा वेळ मुलांना 'तेवीसशे', 'एकोणचाळीसशे' अशा संख्या बोलायला लावाव्यात. कानाला विचित्र वाटतील, पण स्थानिक किंमत त्यातून पक्की होते.

मोठ्या संख्यांनाही हीच रीत लागू पडते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. यात एकूण लक्ष किती? १,१२३, आणि वर ७४,३३३. लाखाचा अर्धा पन्नास हजार. उरलेली संख्या त्याहून मोठी. म्हणून जवळच्या लाखापर्यंत सांगायचे तर १,१२४ लक्ष, म्हणजेच ११ कोटी २४ लक्ष.

शेजारचा एकच अंक का पाहायचा?

'उजवीकडचा अंक पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवा' हा नियम आपण सांगतो, पण तो का चालतो हे सांगायचे राहते. शतकांपर्यंतची किंमत काढताना वर उरते ते ० ते ९९ यांपैकी काहीतरी. दशकाचा अंक चार असेल तर उरलेले जास्तीत जास्त ४९, म्हणजे अर्ध्याहून कमी. तो पाच असेल तर उरलेले कमीत कमी ५०. अर्धे ओलांडले की नाही हे त्या एकाच अंकावरून कळते, म्हणून एककाकडे पाहायची गरज पडत नाही.

हे न कळल्याने आणखी एक चूक होते. २,४४६ ची जवळच्या शतकापर्यंतची किंमत काढताना काही मुले पायरीपायरीने जातात : आधी २,४५०, मग २,५००. पण २४ शतकांवर उरलेत केवळ ४६. उत्तर २,४०० च. आधी केलेला बदल पुढच्या पायरीवर खरा मानला, म्हणून फसगत झाली. किंमत नेहमी मूळ संख्येवरून काढावी.

बरोबर मध्यावर असेल तर?

३५० ला ३०० आणि ४०० सारखेच जवळचे. तेथे वर जायचे हा केवळ संकेत आहे. १५०, २५०, ३५० आणि ४५० यांची बेरीज १,२००. प्रत्येक वेळी वर गेलो तर बेरीज १,४०० होते. म्हणून काही ठिकाणी मध्यावरची संख्या सम शतकाकडे नेतात : २००, २००, ४००, ४००, बेरीज पुन्हा १,२००. संगणकातील अपूर्णांकांच्या आकडेमोडीसाठी १९८५ साली जे मानक ठरले, त्यातही नेहमीची रीत म्हणून ही समाकडे जाण्याचीच रीत आहे. मुलांना शाळेचा संकेत शिकवावा, पण तो संकेत आहे हेही सांगावे.

शून्ये काय सांगतात?

भारतीय सर्वेक्षण खात्याने १८५६ मध्ये एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर केली. अशी गोष्ट सांगतात, की आकडेमोडीत नेमके २९,००० आले होते. पण लोक त्याला अंदाज समजतील म्हणून दोन फूट वाढवले. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातली अडचण खरी आहे. शेवटची शून्ये मोजलेली आहेत की सोयीसाठी लिहिलेली, हे नुसत्या संख्येवरून कळत नाही. प्रयोगशाळेत आम्हाला याची रोज आठवण ठेवावी लागते.

३,९७६ ची शतकांपर्यंतची किंमत ४,००० आणि हजारांपर्यंतचीही ४,०००. पण पहिल्या ४,००० च्या मागे ३,९५० ते ४,०४९ यांपैकी कोणतीही संख्या असू शकते. दुसऱ्याच्या मागे ३,५०० ते ४,४९९ यांपैकी. म्हणून 'कोणत्या स्थानापर्यंत' हे शब्द उत्तराचाच भाग समजावेत.

वर्गात यावरून खेळ घेता येतो. 'शतकांपर्यंत माझी किंमत ६००. मी कोण?' मुले ५५० ते ६४९ या शंभर संख्या शोधतील. मग 'माझी किंमत शून्य' असे विचारावे. ० ते ४९, पन्नासच संख्या! कोणीतरी लगेच म्हणेल, की आपल्या वर्गात ३८ मुले, म्हणजे शतकांपर्यंत शून्य मुले. हिशेब बरोबर, पण निरुपयोगी. कामाप्रमाणे स्थान निवडावे लागते, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

निघताना मी त्या मुलीला ९,९८१ ही संख्या दिली. नियमाने करताना येथे दोनदा हातचा येतो. ती क्षणभर थांबली. "नव्व्याण्णव शतके आणि एक्याऐंशी. म्हणजे शंभर शतके. दहा हजार!" आणि लिहून झाल्यावर तिने दोन्ही संख्यांकडे एकदा पुन्हा पाहिले.