नियमांत मांडलेला प्रश्न : विद्यार्थ्यांनी रचलेले सामाजिक खेळ

गरिबी, युद्ध, स्थलांतर, पाणीटंचाई अशा सामाजिक प्रश्नांवर विद्यार्थ्यांकडूनच खेळ तयार करून घेण्याची अध्यापनपद्धती आज शाळा-महाविद्यालयांत परिचित होऊ लागली आहे. तथापि तिच्याविषयीचे बहुतेक समज तयार झालेला खेळ पाहून बनलेले असतात, तो घडतो कसा हे पाहून नव्हे.

यांपैकी पहिला समज असा की, ही संगणकयुगाची टूम आहे. वस्तुतः पटावरून विचार शिकवण्याची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट हे तिचे घरचे उदाहरण होय. आधुनिक काळात, अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ या पटखेळाचे पेटंट मिळवले. जमिनीच्या भाड्यातून येणारे उत्पन्न करावाटे समाजाकडे परत यावे, हा अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांचा सिद्धान्त लोकांना खेळता खेळता पटावा, हा त्यांचा हेतू होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये अर्थशास्त्र शिकवणारे स्कॉट नियरिंग यांनी हा खेळ विद्यार्थ्यांपर्यंत नेला, आणि त्यानंतर हाताने रंगवलेले त्याचे पट या विद्यार्थ्यांकडून त्या विद्यार्थ्यांकडे फिरत राहिले. संगणक आणि प्रोग्रॅमिंग आल्याशिवाय असे काम होत नाही, ही समजूतही याच इतिहासाने निकालात निघते. पुठ्ठा, फासे, सोंगट्या आणि नीट लिहिलेले नियम एवढ्यावर ते सुरू होते.

अधिक खोलवर रुजलेला गैरसमज खेळाच्या स्वरूपाविषयी आहे. सापशिडीच्या चौकटींत सामान्यज्ञानाचे प्रश्न लिहिले आणि बरोबर उत्तराला दोन घरे पुढे सरकवले की सामाजिक विषयावरचा खेळ झाला, असे मानले जाते. अशा पटावर हुंड्याच्या जागी प्रदूषण लिहिले तरी खेळात तिळमात्र फरक पडत नाही, कारण विषय केवळ चौकटीवर असतो, नियमांत नसतो. खेळाचे अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या ‘परस्युएसिव्ह गेम्स’ या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला: भाषण शब्दांतून आणि चित्र रंगरेषांतून जे पटवते, ते खेळ आपल्या नियमांतून पटवतो, म्हणजे काय करता येते, काय करता येत नाही आणि कशाची काय किंमत मोजावी लागते यांतून.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी रचलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘दारफूर इज डाइंग’ हा खेळ या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. सुदानच्या पश्चिमेकडील दारफूर प्रदेशात २००३ पासून पेटलेल्या संघर्षात लाखो लोक विस्थापित झाले होते. या खेळात निर्वासितांच्या छावणीतील एका कुटुंबातून कोणाला तरी पाणी आणायला पाठवावे लागते, आणि वाटेत जंजावीद या सशस्त्र टोळ्यांपासून त्याला लपवावे लागते. खेळाडूने घरातील कर्त्या पुरुषाची निवड केली, तर खेळ ती निवड नाकारतो, कारण बाहेर पडलेला पुरुष बहुधा ठार मारला जातो. मग हंडा घेऊन मुलांना किंवा बाईला पाठवावे लागते. नकाराचा हा एक नियम छावणीतील जगण्याविषयी जे सांगतो, ते माहितीचा परिच्छेद वाचून तितके उमगत नाही.

म्हणूनच खेळात आणल्याने गंभीर विषयाची थट्टा होते, हा आक्षेप सरसकट खरा नाही. मात्र तो निराधारही नाही. डेन्मार्कमधील एका कंपनीच्या गुलामांच्या व्यापारावरील शैक्षणिक खेळात गुलामांची शरीरे टेट्रिसच्या ठोकळ्यांप्रमाणे जहाजात रचण्याचा भाग होता, आणि तीव्र टीकेनंतर २०१५ मध्ये तो काढून टाकावा लागला. येथे विषय चुकला नव्हता. नीट रचण्याचा आनंद देणारी यंत्रणा माणसांच्या देहांना लावली गेली, हा दोष होता. विद्यार्थ्यांना विषय देताना शिक्षकाने ही गोष्ट आधीच बोलून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

खेळणारा शिकतो, रचणारा फक्त राबतो, हा समज तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. शिक्षणविचारवंत सीमोर पॅपर्ट यांच्या विचारानुसार, दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू घडवताना ज्ञान अधिक पक्के होते. त्याच परंपरेतील यास्मिन काफाई यांनी चौथीच्या मुलांकडून, लहान मुलांना अपूर्णांक शिकवणारे खेळ तयार करून घेतले आणि १९९५ च्या ‘माइंड्‌स इन प्ले’ या ग्रंथात त्या शिकण्याचा अभ्यास मांडला. सामाजिक विषयात ही गोष्ट अधिकच जाणवते. महाराष्ट्रातील एखाद्या गावाच्या पाण्यावर खेळ रचायचा म्हटले, तर ‘पाणी वाचवा’ एवढ्या वाक्यातून एकही नियम निघत नाही. एकाने बोअर खोल नेली तर शेजारच्या विहिरीची पातळी किती उतरावी, ऊस लावणाऱ्याला किती पाणी आणि किती उत्पन्न द्यावे, टँकर कोणाच्या दारात आधी थांबावा, हे प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते. त्यासाठी बेसॉल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठते हे भूगोलातून, आणि साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने निर्बंध घातले आहेत हे नागरिकशास्त्रातून शोधून काढावे लागते.

रचनाकाराचा हेतू चांगला असला की खेळाडूपर्यंत तोच अर्थ पोहोचतो, ही शेवटची समजूत मॅगी यांच्याच खेळाने खोटी ठरवली. भाडे सार्वजनिक खजिन्यात जमा करण्याचे त्यांचे नियम कालौघात गळून पडले, इतरांना कंगाल करून जिंकण्याचे नियम तेवढे उरले, आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने बाजारात आणलेला मोनोपॉली मक्तेदारीचाच उत्सव ठरला. त्यामुळे कच्चा खेळ अनोळखी मुलांसमोर ठेवून, मधे काहीही न समजावता, जिंकण्यासाठी ती नेमके काय करतात हे रचणाऱ्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे लागते. पाण्याच्या खेळात सर्वांत आधी सर्वांत खोल बोअर घेणारा प्रत्येक डावात जिंकत असेल, तर पटावर लिहिलेला संदेश काहीही असो, तो खेळ उपसा शिकवत असतो. मग गावात पुढे खरोखर काय घडते, किती वर्षांत ती बोअरही आटते आणि पुन्हा खोदण्याचा खर्च कोणावर पडतो, याची माहिती काढून नियम नव्याने लिहावे लागतात.