गणिताची पदवी घ्यायची? आधी जुना पेपर मागा

बारावीला गणितात चांगले मार्क पडले की घरात इंजिनिअरिंगचं बोलणं सुरू होतं. 'मला नुसतं गणितच शिकायचंय' म्हणणाऱ्या मुलांना नीट सल्ला देणारं कुणी भेटत नाही.

पारख कशी करायची?

कॉलेजचं नाव आणि इमारत बाजूला ठेवून पहिल्या वर्षाची 'रिअल अ‍ॅनालिसिस'ची जुनी प्रश्नपत्रिका मिळवा. १, १.४, १.४१, १.४१४… ही √२ची दशांश रूपं घ्या. 'या क्रमिकेची सीमा काढा' एवढंच विचारलं असेल, तर √२ लिहून मोकळं होता येतं. पण 'चढती आणि मर्यादित क्रमिका कुठेतरी पोहोचतेच, हे सिद्ध करा; फक्त परिमेय संख्या घेतल्या तर हे का बिनसतं?' असा प्रश्न असेल, तर तिथे गणित शिकवतात असं समजा. हीच क्रमिका इथे कामाला येते. तिचं प्रत्येक पद परिमेय आहे. ती ज्या √२कडे जाते, तो मात्र नाही.

कुठे जायचं?

या कसोटीवर भारतीय सांख्यिकी संस्थेचा बंगळूरुचा बी.मॅथ. आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा गणित-संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम उतरतात. पुण्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेत सुरुवातीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळंच शिकावं लागतं. गणित की विज्ञान, हे ठरलं नसेल तर ते बरंच.

प्रवेश परीक्षा

बी.मॅथ.साठी जेईईचे मार्क चालत नाहीत, संस्थेची स्वतःची परीक्षा असते. तिच्या दुसऱ्या पेपरात दोन तासांत आठ प्रश्न, आणि तेही मांडणीसकट. पर्यायांवरून उलटं उत्तर हुडकायची सवय लागलेली हुशार मुलं इथे अडतात. मांडणी शिकायची तर गणित ऑलिंपियाडची तयारी उपयोगी पडते; पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान ती करून घेतं.

जागा नाही मिळाली तर?

जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करा, पण उन्हाळ्यातल्या 'एमटीटीएस' या गणिताच्या शिबिराला अर्ज नक्की करा. १९९३ पासून चालणाऱ्या या शिबिरात मुलांना फळ्यापाशी उभं करून 'का?' विचारलं जातं.

पालकांसाठी

फॉर्म भरण्याआधी बी.मॅथ.च्या प्रवेश परीक्षेचा एखादा जुना दुसरा पेपर मुलांना घरी सोडवायला द्या, घड्याळ न लावता. आठांतले किती सुटले हे मोजू नका. न सुटलेल्या प्रश्नाकडे ती दुसऱ्या दिवशी आपणहून वळतात का, ते बघा.