ईटच्या परण्यात वाजलेला सिनेमा

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हेच वर्ष. भूम तालुक्यातली विहीर-बोअरची अवस्था काही वेगळी नव्हती. लग्नं मात्र थांबत नाहीत. २९ एप्रिलला 'सैराट' लागला आणि त्या लग्नसराईत आमच्या ईटमध्ये नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला की परण्यात, म्हणजे त्या मिरवणुकीत, एकच गाणं ऐकू येऊ लागलं. सिनेमातला करमाळ्याचा मुलूख आमच्यापासून परंड्याच्या पलीकडे. पडद्यावरची बोली जवळजवळ आमचीच. 'झिंगाट'नं आपल्या भागाला नाचवलं, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांनी सांगितली. त्या गाण्याच्या पोटात पस्तीस-चाळीस वर्षांचा यंत्राचा प्रवास होता, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. तो प्रवास सांगावासा वाटतो, कारण सिनेमातलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत म्हटलं की लोक क्लबकडे आणि परदेशाकडे बघतात. आमच्याकडे ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आलं, आणि इथंच ते खऱ्या अर्थानं जगलं.

सुरुवात तशी दूरची आहे. १९७८ च्या 'मिडनाइट एक्सप्रेस'साठी जॉर्जिओ मोरोडरनं जवळजवळ सगळं संगीत सिंथेसायझरवर उभं केलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. नाचाच्या ठेक्यावर धावणारं यंत्र चित्रपटाचा ताण पेलू शकतं, यावर तिथं शिक्कामोर्तब झालं. दोनच वर्षांत, १९८० मध्ये, 'कुर्बानी'तल्या बिद्दूच्या गाण्यानं तो ठेका हिंदीत आणला. १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या 'डिस्को डान्सर'नं तो गल्लीबोळात पोचवला. गावाकडे ही गाणी लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यातून यायची. कर्ण्यातून बेस ऐकू येत नाही. त्यामुळे या संगीताचा अर्धा जीव, जो पोटात बसतो तो, आमच्या आधीच्या पिढीला कधी मिळालाच नाही. त्यांनी डिस्को फक्त चालीवर ओळखला.

त्याच १९८२ मध्ये मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: ठेक्यासाठी टीआर-८०८, बेससाठी टीबी-३०३ आणि सुरांसाठी ज्युपिटर-८. त्यांवर भैरव, ललत, भूपाली असे राग डिस्कोच्या लयीत बसवून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी एचएमव्हीकडून काढली. ती खपली नाही. पुढं काही वर्षांनी शिकागोत तेच ३०३ यंत्र वापरून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा प्रकार जन्मला आणि जगभर गाजला. २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. २०१५ मध्ये सिंग गेले. आपल्याच स्टुडिओतला एक साजिंदा इतका पुढं जाऊन बसला होता आणि आपल्याला त्याची खबर नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. सिनेसंगीतात साजिंद्याचं नाव तबकडीवर छापायची रीत नव्हती, त्याची ही किंमत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यंत्र पुढं सरकलं. मराठीत अरुण पौडवालांच्या 'गंमत जंमत' (१९८७) सारख्या चित्रपटांत पाश्चात्त्य ठेक्याची हलकीफुलकी गाणी आली आणि लोकांनी ती उचलून धरली. पण या काळाचा खरा माणूस माझ्या मते विजू शाह. कल्याणजींचे चिरंजीव. 'विश्वात्मा' (१९९२), 'मोहरा' (१९९४) आणि 'गुप्त' (१९९७) या राजीव राय यांच्या चित्रपटांत त्यांनी सिंथेसायझर असा वापरला की 'गुप्त'चं पार्श्वसंगीत म्हणजे सरळ टेक्नोच. 'विश्वात्मा'तलं सातासमुद्रापारचं गाणं तर आजही वरातीत लावलं की पन्नाशीचे मामाही रिंगणात उतरतात. दक्षिणेतून रहमान आले, 'हमसे है मुकाबला'च्या हिंदी कॅसेटी खेड्यापाड्यांत पोचल्या, आणि संगणकावर रचलेला ठेका ही नवलाई राहिली नाही.

याची दुसरी बाजू मुंबईच्या स्टुडिओंत होती. गोव्याहून आलेले व्हायोलिनवाले, ट्रंपेटवाले, सॅक्सोफोनवाले, ज्यांनी पन्नास-साठच्या दशकांतली गाणी उभी केली, त्यांची कामं नव्वदच्या दशकात झपाट्यानं आटली. शंभर वादकांचं काम एक कीबोर्ड करू लागला. हेच पुढं खाली झिरपलं. तालुक्याच्या गावातल्या ब्रास बँडनं आधी ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड घेतले, मग हातगाडीवर स्पीकर चढले, आणि २००५-१० च्या सुमाराला ट्रॉलीवर जनरेटरसह डीजे आला. आता बेस पोटात बसू लागला. पोरं मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायची, त्यात सिनेमाची मूळ गाणी कमी आणि त्यांची डीजे मिक्सच जास्त. एकाच गाण्याचे चार-पाच अवतार एकेका कार्डात.

संगीतकार अजय-अतुल या वळणावर आले. 'जत्रा'मधलं कोंबडीचं गाणं आधी मराठी वरातींत रुळलं, आणि तीच चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन देशभर वाजली. गावच्या ठेक्यावर यंत्र चढवलं तरी गाव हरवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'नटरंग'मध्ये (२०१०) त्यांनी ढोलकीलाच पुढं ठेवलं. आणि 'सैराट'मध्ये एकाच चित्रपटात दोन टोकं पकडली. प्रेमाच्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खराखुरा सिम्फनी वाद्यवृंद बसवला. 'झिंगाट'साठी मात्र सिंथची एक टोकदार धून, ठोक्यावर ठोका देणारी किक आणि स्वतःचे उघडे, रांगडे गळे.

डीजेवाला ते गाणं कसं वाजवतो, हे एकदा ट्रॉलीजवळ उभं राहून पाहावं. तो गाणं सरळ सोडत नाही. सुरुवातीची धून दोन-तीनदा फिरवतो, बेस पूर्ण काढून घेतो, नुसते टॉप वाजत राहतात. रिंगणातली पोरं वाकून, हात खाली सोडून थांबतात. मग एक क्षण सगळं बंद. आणि बेस परत येतो तेव्हा रस्त्यावरची माती आणि माणसं एकदमच उठतात. क्लबमधल्या डीजेंनी घडवलेलं तंत्र हेच. आमच्या ऑपरेटरला ते कुणी शिकवलं नाही. माणसं कशी नाचतात ते बघून तो शिकला. चित्रपटगृहांतही त्या वर्षी लोक पडद्यासमोर जाऊन नाचत होते. म्हणजे परण्या थेट थिएटरात शिरला होता. एवढ्या जल्लोषानंतर दिग्दर्शक नागराज मंजुळे सिनेमा ज्या दिशेला वळवतात, ती कळ नाचणाऱ्यांपैकी किती जणांनी घरी नेली, हा प्रश्न मला छळतो. २०१८ च्या 'धडक'मध्ये तेच गाणं हिंदीत गेलं. धून तीच होती, पण पायाखालचा फुफाटा नव्हता.

या धाग्यात इंदूरच्या मराठी घरातल्या स्नेहा खानवलकरचं नाव घ्यायलाच हवं. 'ओय लकी! लकी ओय!' (२००८) आणि 'गँग्ज ऑफ वासेपूर' (२०१२) साठी ती गावोगाव फिरली, लोकांचे आवाज त्यांच्या दारात जाऊन ध्वनिमुद्रित केले आणि त्यांना इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर आणलं. माणसाचा आवाज आणि यंत्र यांची इतकी प्रामाणिक भेट हिंदी सिनेमात क्वचितच झाली. तुळजापूरचे आराधी, संबळ वाजवणारे गोंधळी यांच्याकडे असंच कुणी मायक्रोफोन घेऊन यावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण आमच्याकडे या कथेत सर्वांत जास्त गमावलं ते हलगीनं. पूर्वी परण्यापुढं हलगी, कैताळ आणि सनई असे. डीजे आला आणि ती सुपारी गेली. दुःख असं की मराठी डीजे मिक्समध्ये हलगीचा ठेका सर्रास असतो. नमुना घेतला जातो, हजार ट्रॉल्यांवर वाजतो, वाजवणाऱ्या हाताला ना नाव ना पैसा. मंजुळेंनी 'फँड्री'त जब्याच्या गळ्यात हलगी दिली. ती भूमिका करणारा सोमनाथ अवघडे मुळातच हलगी वाजवणारा पोरगा, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'झुंड'मध्ये (२०२२) त्यांनीच आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे दाखवला, तोही तुच्छतेनं नाही. ज्यांच्या वस्तीत एरवी कुणी फिरकत नाही, त्यांचा आवाज एका दिवशी तरी गावभर जातो, हे त्या दृश्यात दिसतं.

आवाजाची काळजी खोटी नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. २०१८ मध्ये गणेशोत्सवासाठी डीजेवरचे निर्बंध उठवायला मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला. तान्ह्या लेकराच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर तो बेस काय करतो, हे रस्त्यालगतच्या घरांना विचारावं. मला ट्रॉली हवी आहे, भिंत हादरवणारी नको.

या कडक नियमांमुळे अलीकडे एक बदल दिसतो. काही घरची मंडळी परण्याला पुन्हा हलगीवाले सांगतात आणि डीजे फक्त हळदीला ठेवतात. हलगीच्या पुढ्यात माइक लावलेला असतो, बाजूला छोटा बेस. पोरं मागणी करतात ती सिनेमाच्याच गाण्यांची, आणि हलगीवाला यंत्रावर घडलेला 'झिंगाट'चा ठोका चामड्यावर काढून दाखवतो, मध्ये आपली स्वतःची एक तिरकी आडलय घालून. सुपारीचा भाव मात्र अजून डीजेच्या निम्माही नाही.