जुने मांजर, नवे पिल्लू

घरात एक मांजरी आहे. तिला सोबत हवी म्हणून आपण एक पिल्लू आणतो आणि मोठ्या कौतुकाने तिच्यापुढे ठेवतो. मनी (जुन्या मांजरीला आपण सोयीसाठी मनी म्हणू) त्याला एकदा हुंगते, पाठीची कमान करते, शेपूट फुलवते, फिस्कारते आणि पंजा उगारते. पिल्लू कपाटाखाली दडते. घरातली माणसे म्हणतात, 'मनी मत्सरी आहे!' पण मत्सर म्हणून मोकळे होण्याआधी या वागण्याचे कारण शोधू या. कारण कळले तर उपाय सापडेल. नाहीतर बहुधा त्या पिल्लालाच घराबाहेर जावे लागते.

पाळीव मांजरांचा पूर्वज 'फेलिस लिबिका' हे रानमांजर आहे. जनुकांच्या अभ्यासातून २००७ साली हे स्पष्ट झाले. हे रानमांजर एकट्याने शिकार करते. एका उंदरात दोघांचे पोट भरत नाही, म्हणून प्रत्येकजण आपला मुलूख राखतो. अन्न मुबलक असेल तेथे मांजरी गटानेही राहतात. पण तो गट बहुधा आई, लेकी आणि मावश्यांचा असतो. परक्याला तेथेही सहज थारा मिळत नाही.

आता हा मुलूख मनी ओळखते कसा? मुख्यतः वासाने. प्रकाश आणि वास यांत एक मोठा फरक आहे. दिवा विझला की त्याचा प्रकाश खोलीत उरत नाही. वास म्हणजे मात्र पदार्थाचे रेणू. ते वस्तूला चिकटून राहतात आणि मालक निघून गेल्यावरही त्याची खबर देतात. मांजराच्या गालांवर, कपाळावर आणि पंजांत गंधग्रंथी असतात. मनी दाराच्या चौकटीला किंवा तुमच्या पायाला गाल घासते, तेव्हा ती तेथे आपली खूणच करून ठेवते.

यातील काही रेणू जड असतात. त्यांची वाफ सहज होत नाही, म्हणून ते नाकापर्यंत उडत येत नाहीत. त्यांच्यासाठी मांजराच्या टाळूत, वरच्या पुढच्या दातांमागे, एक खास इंद्रिय असते. १८११ साली वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला 'जेकबसनचे इंद्रिय' म्हणतात. एखादी वस्तू हुंगून मांजर तोंड अर्धवट उघडे ठेवून स्तब्ध उभे राहिलेले तुम्ही पाहिले असेल. त्या वेळी ते रेणू या इंद्रियाकडे जात असतात.

आता मनीच्या बाजूने विचार करा. तिच्या खुणांनी भरलेल्या घरात अनोळखी वासाचा प्राणी एकाएकी समोर येतो. म्हणून ओळख करून द्यायची ती आधी वासाची, मग रूपाची आणि शेवटी प्रत्यक्ष भेटीची.

पहिली पायरी : किमान आठ आठवडे आईजवळ वाढलेले पिल्लू आणा. पशुवैद्याला दाखवून लसींचे वेळापत्रक ठरवा. सुमारे दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवा. एखादा रोग असल्यास तो या काळात बहुधा दिसून येतो. घर लहान असेल तर कापडाने झाकलेला मोठा पिंजराही चालेल.

दुसरी पायरी : स्वच्छ फडके पिल्लाच्या गालांवरून फिरवा आणि मनीच्या जेवणाच्या जागेजवळ ठेवा. मनीच्या वासाचे फडके पिल्लाकडे ठेवा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्याला खाण्याआधीचा इशारा ओळखीचा झाला आणि नुसत्या इशाऱ्याने त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. तसाच येथे नवा वास आणि आवडते खाणे यांचा संबंध जुळतो. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची ताटे ठेवा.

तिसरी पायरी : दोघे शांतपणे जेवू लागले की जाळीतून किंवा किलकिल्या दारातून त्यांना एकमेकांना पाहू द्या.

चौथी पायरी : आता पाच-दहा मिनिटांची भेट घडवा. आधी पिल्लाला खेळवून थोडे दमवा. थोडे फिस्कारणे ही 'दूर राहा' अशी सूचना असते. त्यासाठी मनीला रागावू नका. कान मागे चपटे होऊन नजर रोखली गेली, तर मध्ये उशी किंवा पुठ्ठा धरा, हात घालू नका. ओरखडा किंवा चावा बसलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

एखादी पायरी जमली नाही, तर एक पायरी मागे या. कोणाला आठवडा लागतो, कोणाला काही महिने. दोघांची ताटे वेगळी ठेवा, मलमूत्रासाठी वाळूची तीन खोकी ठेवा आणि मनीला चढून बसायला एक उंच जागा राखा. वाटणीवरून भांडायचे कारणच मग उरत नाही. इतके करूनही काही मांजरे मित्र होत नाहीत. पण एका घरात शांतपणे नांदली, तरी प्रयत्न सफल झाला असे समजावे.

तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर एक वही करा. तारीख, दोघांतील अंतर, कान व शेपटीची स्थिती आणि फिस्कारण्याची संख्या रोज नोंदवा. महिन्याभराने अंतराचा आलेख काढून पाहा. मनी मत्सरी होती की नुसती सावध, हे तो आलेखच तुम्हांला सांगेल.