रस्त्यातली लोखंडी जीभ

कलकत्त्याच्या वेलिंग्टन चौकात, पंचवीसएक वर्षांपूर्वीच्या एका हिवाळी सकाळी, लोकरीचे कपडे विकणाऱ्या भोटिया बायकांच्या दुकानांकडे निघालेला मी, भर रस्त्याच्या मधोमध एक इसम ओणवा होऊन लोखंडी सळईने जमीन टोकरीत असलेला पाहून जो थबकलो, तो दुपारचे दोन वाजेपर्यंत तेथून हललो नाही. आणि ज्या स्वेटरासाठी म्हणून बाहेर पडलो होतो तो शेवटी घ्यावयाचा राहून गेला.

तो इसम ट्रामचा सांधेवाला होता. रुळांना जेथे फाटा फुटतो त्या जागेला आपण सांधा म्हणतो, आणि हा शब्द मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. कारण वाट जेथे दुभंगते, नेमक्या त्या ठिकाणाला आपल्या भाषेने जोडाचे नाव दिले आहे. मुंबईत वाढलेल्या माझ्या पिढीला ट्रामचा सांधा ठाऊक होता तो कानांनी. गिरगावातून जाणारी ट्राम एखाद्या वळणाशी आली की तळाशी खडाड्खट् असा दुहेरी आवाज होई, उभी असलेली मंडळी एका बाजूस कलत, आणि आम्हां पोरांचे लक्ष असे ते वर, तारेला टेकलेला दांडा निसटून कंडक्टरची धावपळ उडते की काय याकडे. खाली, रुळात, कोणी काही ठरवीत असेल हा विचार त्या वयात मनाला शिवला नाही. आणि तो शिवण्याच्या वयाला येईपर्यंत, 1964 सालच्या 31 मार्चच्या रात्री बोरीबंदराहून दादरला गेलेल्या अखेरच्या गाडीबरोबर, मुंबईचे सांधेही निकालात निघाले होते.

वेलिंग्टनचा मामला असा होता. एस्प्लेनेडहून लेनिन सरणीने (जुनी माणसे तिला धर्मतला स्ट्रीटच म्हणत) पूर्वेकडे येणारी ट्राम या चौकात डावीकडे वळली, तर कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांच्या दुकानांपुढून श्यामबाजारला जाई, आणि उजवीकडे वळली, तर पार्क सर्कसवरून गडियाहाटला. गाडीच्या कपाळावर पाचाचा आकडा असला तर श्यामबाजार, पंचविसाचा असला तर गडियाहाट. ट्रामला सुकाणू नसते. चालकाच्या हाती वेग आहे, आरोधक आहे, पायाखाली घंटा आहे. दिशा तेवढी नाही. ती त्या ओणव्या माणसाच्या सळईच्या टोकाशी होती.

आगगाडीचा सांधा पुष्कळांनी पाहिलेला असतो. तेथे खडीच्या उघड्या बिछान्यावर दोन लांबलचक निमुळती पाती एका आडव्या दांड्याने एकमेकांस बांधलेली असतात. दूर केबिनमध्ये बसलेला मनुष्य तरफ ओढतो तेव्हा ती दोन्ही एकदम सरकतात. आणि त्या तरफेला सिग्नलाशी असे जखडलेले असते की सांधा नीट बसल्याखेरीज गाडीला वाट मोकळी झाल्याची खूण मिळू नये. तो सारा मुलूख रेल्वेच्या खालशातला. त्यात परक्या माणसाने पाऊल टाकले तर तो गुन्हेगार ठरतो.

ट्रामची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिला वाट मिळाली आहे ती सर्वांच्या मालकीच्या रस्त्यात, आणि तीही या अटीवर की तिच्या रुळांनी कोणाच्या पायात येऊ नये. ही अट पाळली गेली नाही तेव्हा काय झाले याची साक्ष लंडनच्या इतिहासात आहे. जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने 1861 साली तेथे घोड्यांची ट्राम सुरू केली, पण तिचे रूळ फरसबंदीच्या वर उंचावलेले होते. बग्ग्यांची चाके त्यांना अडखळू लागली, तक्रारींचा पाऊस पडला आणि रूळ उखडावे लागले. उपाय वस्तुतः त्याच्या आधीच निघालेला होता. अल्फोन्स लूबा या फ्रेंच माणसाने 1850 नंतरच्या दोनतीन वर्षांत न्यूयॉर्क आणि पॅरिस येथे खोबणीचा रूळ वापरात आणला होता. रुळाचा माथा रस्त्याच्या पातळीशी समतल, त्याच्या आतल्या अंगाला एक अरुंद खोबण, आणि चाकाची बाहेर आलेली कडा त्या खोबणीतून जाणार. वर बैलगाडी चालो, हातगाडी चालो, की एखादी म्हातारी काठी टेकीत जावो.

परंतु खोबणीचा रूळ पत्करला की सांध्याचे सारे शास्त्र बदलते. उघडी पाती, आडवा दांडा, तरफा, तारा यांपैकी काहीही रस्त्याच्या वर दिसता उपयोगी नाही. म्हणून सांध्याच्या जागी पोलादाचा एक ओतीव तुकडा फरसबंदीत गाडलेला असतो. त्यात खोबण रुंदावत जाते आणि मग तिला दोन फाटे फुटतात. या रुंद भागात एक निमुळती पोलादी पट्टी बसविलेली असते. तिचे जाड टोक एका खुंटीभोवती फिरते आणि पातळ टोक कधी या कडेला तर कधी त्या कडेला टेकते. ही पट्टी म्हणजे सांध्याची जीभ. कारागीर तिच्या फिरत्या टोकाला टाच म्हणतात. जिभेला टाच असावी हे शरीरशास्त्राला मानवणारे नाही, पण लोहारकामाला तेवढी सवलत दिली पाहिजे. जीभ ज्या कडेला टेकेल तिकडची वाट बंद, दुसरीकडची खुली. येणाऱ्या चाकाची कडा जिभेच्या पाठीला घासत खुल्या वाटेला लागते आणि शेकडो मण वजनाची गाडी निमूटपणे तिच्यामागून जाते. काही शहरांतून अशी जीभ एकाच बाजूच्या रुळात बसविण्याचा शिरस्ता होता. समोरच्या रुळात हलणारे काहीच नाही, नुसती रुंदावलेली स्थिर खोबण. दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असल्यामुळे एकाला वाट दाखविली म्हणजे दुसऱ्याला वेगळी दाखवावी लागत नाही.

अशा जिभेखालच्या पेटीत पुष्कळदा एक स्प्रिंग असते, आणि तिची करामत खिशातला चाकू मिटून पाहणाऱ्याला चटकन उमगेल. पाते मिटताना अर्ध्यावर येईपर्यंत ते विरोध करते. मध्य ओलांडला की तेच पाते उलट आपल्या हातातून निसटून खट्कन घरात जाऊन बसते. जिभेचेही तसेच. निम्म्या वाटेपर्यंत माणसाने जोर लावायचा, पुढे स्प्रिंगने. आणि जीभ एकदा कडेला चिकटली म्हणजे धक्क्याने, हादऱ्याने किंवा वरून गेलेल्या लॉरीने ती आपली जागा सोडीत नाही.

आता सांधेवाल्याची कामगिरी. रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर, पोते अंथरून तो बसलेला असे. सळई छातीएवढ्या उंचीची, एक टोक चपटे केलेले, मधला भाग हाताच्या घामाने काळा गुळगुळीत झालेला. ट्राम अजून बरीच दूर असतानाच तो डोळे बारीक करून कपाळपट्टीवरचा आकडा वाची. हवी ती वाट आधीच खुली असली तर तो नुसता मान हलवी आणि बसूनच राही. नसली तर उठे, टॅक्सी आणि हातरिक्षा यांच्यामधून, कोणाकडेही न पाहता, सांध्यापाशी जाई, सळईचे चपटे टोक जिभेच्या कडेला खुपशी आणि अंगाचा भार किंचित कलता करी. खट् असा आवाज होई. मग तो एक गोष्ट करी, जी मला प्रथम निरर्थक वाटली: सळई उलटी करून जिभेच्या पातळ टोकावर हलकेच ठोका मारी आणि मान तिरपी करून ऐके.

त्या ठोक्याचे रहस्य मी त्याला विचारले. तो बिहारकडचा होता, हिंदीत बोलत होता आणि मला, माझी कसलीही योग्यता न पाहता, ‘बाबूजी’ म्हणत होता. जीभ पूर्ण बसली तर आवाज भरीव येतो, म्हणाला. अंतर राहिले असले तर पोकळ येतो. डोळ्यांना ते अंतर दिसत नाही काय, असे मी म्हटले, तेव्हा त्याने मला खाली वाकायला लावून ते पातळ टोक दाखविले. त्याची जाडी सुपारीच्या फोडीएवढी असेल. तेवढ्याच जाडीची फट राहिली आणि चाकाची कडा तिच्यात शिरली, तर पुढची चाके एका वाटेला आणि मागची दुसऱ्या वाटेला जाऊ शकतात, आणि मग गाडी रस्त्यात आडवी होते. हे सांगताना त्याने आपले दोन पाय फाकवून दाखविले, आणि आम्ही दोघेही हसलो.

परंतु सांधा बदलणे हा त्याच्या दिवसातला लहान भाग होता. बहुतेक वेळ जाई तो साफसफाईत, आणि हीच गोष्ट कोणत्याही यंत्रशास्त्राच्या पुस्तकात पुरेशा आदराने सांगितलेली माझ्या पाहण्यात नाही. रस्त्यावरचे जे जे काही चुकार असेल ते खोबणीत येऊन पडते: धूळ, चहाच्या मातीच्या भांड्यांचे तुकडे, खिळे, संत्र्याच्या साली, मोटारीतून गळलेले तेल. पेटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोक असते, पण त्या भोकावर चिखलाचा हक्क पाण्याच्या आधीचा. सळईच्या टोकाने तो खोबण खरवडी, निघालेला गाळ खराट्याने बाहेर काढी, डब्यातले काळे तेल टाचेशी ओती, आणि एवढे करून पायरीवर परत येतो न येतो तोच एखादी हातगाडी त्याच खोबणीत मुठीएवढी माती सांडून जाई. त्याच्या चेहऱ्यावर मला त्याचा राग दिसला नाही. रस्ता सर्वांचा आहे हे तत्त्व सभांमधून पुष्कळदा ऐकले होते. ते मुकाट्याने निस्तरताना मात्र मी येथेच पाहिले.

अकराच्या सुमारास त्या ठोक्याची किंमत मला प्रत्यक्ष कळली. पंचवीस नंबरची गाडी येत होती. त्याने जीभ फिरविली, ठोका मारला, आणि मान वर करण्याऐवजी डावा हात उंच केला. चालकाने गाडी दहा पावलांवर थांबविली. मागून मोटारींनी भोंग्यांचा गजर मांडला. सांधेवाल्याने घाई केली नाही; सळईने जीभ अर्धवट उचलून धरली, तिच्या पाठीमागून एका आकडीने काहीतरी ओढून काढले, आणि जीभ सोडून पुन्हा ठोका मारला. निघाले होते ते सोड्याच्या बाटलीचे एक चपटे झालेले पत्र्याचे बूच. गाडी सांध्यावरून उजवीकडे वळून गेली. बूच त्याने खिशात टाकले. बहुधा रस्त्यावर फेकले तर ते पुन्हा त्याच्याकडेच येईल हे त्याला अनुभवाने ठाऊक असावे.

उलट दिशेने, म्हणजे श्यामबाजार किंवा गडियाहाटहून एस्प्लेनेडकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळी मात्र तो जागचाही हलत नसे. फाट्याकडून मुख्य वाटेला लागणारे चाक आपल्या कडेने जिभेला आपणच बाजूला सारते. फुटताना वाट विचारावी लागते, मिळताना लागत नाही. म्हणूनच जेथे एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना टाळायचे असते, तेथे स्प्रिंगने सदैव एकाच कडेला दाबून धरलेली जीभ बसविली की माणसावाचून भागते: येणारी गाडी नेहमी आपल्या बाजूला जाते आणि बाहेर पडणारी जीभ ढकलून निघते.

घोड्यांच्या काळात तर हलणाऱ्या जिभेवाचूनही निभावत असे. कित्येक गावी खोबण नुसती दुभंगलेली ठेवीत, आणि हाकणारा घोडे इच्छित दिशेला वळवी, की त्यांच्या तिरप्या ओढीने चाकाची कडा त्या बाजूला दाबली जाऊन गाडी फाट्याला लागे. मुंबईची घोड्यांची ट्राम 1874 सालच्या 9 मे रोजी सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून येणारी एक वाट आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून येणारी दुसरी, या दोन्ही पायधुणीला येत. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंतचे भाडे तीन आणे होते, आणि तिकीट देण्याची पद्धत नव्हती. त्या घोड्यांना आपापली वाट पाठ झाली असेल काय, हा प्रश्न मला वेलिंग्टनच्या पायरीवर बसल्या बसल्या पडला, आणि मी तो सांधेवाल्यालाही विचारला. घोड्याला सगळे पाठ होते, म्हणाला. माणसालाच आकडा वाचावा लागतो.

मुंबईच्या ट्रामचे घोडे गेले आणि 1907 साली वीज आली. घोडा मान वळवू शकतो. विजेची मोटर फक्त पुढे किंवा मागे जाणते. तेव्हा जिभेचे काम वाढले, आणि माणूस वाचविण्याची तजवीजही विजेनेच सुचविली. वरच्या तारेवर सांध्याच्या आधी एक संपर्काची पट्टी बसवावी. तिच्याखालून जाताना चालकाने मोटरीला प्रवाह चालू ठेवला तर पेटीतले विद्युच्चुंबक जीभ एका बाजूला ओढील, प्रवाह बंद ठेवून गाडी नुसती घरंगळू दिली तर दुसऱ्या. म्हणजे चालकाच्या हातातल्या वेगाच्या मुठीलाच दिशेचाही हुकूम देता यावा. ही युक्ती देशोदेशी चालली. तथापि मेलबर्नसारख्या, ट्रामच्या व्यवस्थेबद्दल जगात लौकिक असलेल्या शहरातही चालकाजवळ एक लोखंडी पहार ठेवलेली असते. विजेने हट्ट धरला तर खाली उतरून जीभ हाताने फिरवावी, एवढ्यासाठी. पेटीतला चिखल कुठल्याच देशातले विद्युच्चुंबक उपसून काढीत नाही.

काही वर्षांपूर्वी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरात जमीन उकरताना ट्रामचे जुने रूळ निघाले, तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. खोबण ओळखू येत होती. ती मातीने काठोकाठ भरली होती. मी खिशातल्या किल्लीने थोडी खरवडून पाहिली, तोच तेथल्या पहारेकऱ्याने हटकले.

वेलिंग्टनला दोन वाजता पाळी बदलली. दुसरा इसम आला, वयाने लहान, डोक्याला मफलर गुंडाळलेला. दोघांत फारसे बोलणे झाले नाही. पहिल्याने सळई त्याच्या हाती दिली, खिशातले चपटे बूच काढून दाखविले आणि जिभेच्या कोणत्या बाजूला सापडले ते बोटाने खुणावले. तो नवा माणूस पायरीवर बसला नाही. आधी चौकाच्या मधोमध गेला, ओणवा झाला, आणि नुकतीच साफ केलेली खोबण त्याने पहिल्यापासून खरवडायला घेतली.