पोळ्या लाटणारे हात आणि सोरायसिस

एरवी आम्ही इथे बचत गटाचे हप्ते, कर्ज, पापड-मसाल्याचा हिशेब यावर बोलतो. आज कातडीच्या एका आजारावर बोलणार आहोत, कारण त्या आजारापायी आमच्या हातून एक चूक झाली.

डोंबिवलीत आमच्या एका गटाचं पोळी-भाजी केंद्र आहे. संध्याकाळी लोकलमधून उतरलेल्या बायकांची तिथे रांग लागते. पोळ्या लाटणाऱ्या एका ताईंच्या कोपरांवर आणि तळहातांवर लाल चट्टे उठले, वर पांढऱ्या खपल्या. एका गिऱ्हाइकाने पोळ्या परत केल्या. कुणी गजकर्ण म्हणालं, कुणी दबक्या आवाजात महारोग म्हणालं. आम्ही बैठक घेतली आणि ताईंना 'बरं होईपर्यंत' घरी थांबायला सांगितलं. हा आजार महिन्या-दोन महिन्यांत बरा होऊन जाणारा नसतो, हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं. म्हणजे खरं तर आम्ही त्यांना कामावरूनच काढलं होतं.

तो होता सोरायसिस. आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या थरात तयार झालेल्या पेशीला वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये अंगातली रोगप्रतिकारक शक्ती चुकून आपल्याच कातडीला डिवचते आणि महिन्याचं काम तीन-चार दिवसांत उरकायला लागतं. जुनी पेशी गळायच्या आत नवी वर येते, थरावर थर साचतात. त्याच त्या चंदेरी खपल्या. कोपर, गुडघे, डोकं, कमरेचा मागचा भाग ही त्यांची नेहमीची ठिकाणं.

गजकर्ण बुरशीने होतं, ते एका टॉवेलवरून घरभर जातं. सोरायसिस पसरवणारा जंतूच नसतो, मग पसरणार काय? शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, चाळीतल्या एका नळावर धुतल्याने तो होत नाही. पोळीतून तर नाहीच. महारोगाशी त्याचं काही नातं नाही. युरोपातही हे दोन आजार बराच काळ एकच समजले जात. व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी १८४१ मध्ये ते वेगळे करून दाखवले. आणि महारोगही आज औषधाने पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं. तेव्हा त्या नावानेही कुणाला दूर लोटायचं कारण नाही.

घरी बसलेल्या ताईंनी मग सगळ्यांचं ऐकलं. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने झालं म्हणून मासे बंद. याला काही आधार नाही. नंतर कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी पुड्या आणल्या. आठ-दहा दिवसांत कातडी साफ! आम्हीही खूश झालो. पुड्या संपल्या आणि चट्टे पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन अंगभर आले. डॉक्टरांना पुड्यांत स्टेरॉइड असल्याची शंका आली. सोरायसिसमध्ये पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम सुटलं की आजार असा उसळतो, कधी कधी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या मलमाचंही तेच. स्टेरॉइडच्या अनेक मलमांना २०१८ पासून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे. 'गजकर्णाची ट्यूब द्या' म्हणून मागितलेल्या ट्यूबमध्येही पुष्कळदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडचं मलम वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलं तिथे, सांगितलं तितके दिवस, पातळ लावलं तर ते चांगलं काम करतं.

हा आजार मुळापासून जात नाही, पण काबूत राहतो, कधी वर्षभर दिसतही नाही. कातडी कोरडी पडू द्यायची नाही. कोमट पाण्याने आंघोळ करून अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावायचं. खपल्या नखाने किंवा बारीक फणीने काढायच्या नाहीत. जिथे खरचटतं तिथे नवा चट्टा उठू शकतो, म्हणून काथ्याने अंग घासणं बंद, परकराची नाडीही सैल. घसा धरणं, मनाचा ताण, दारू, विडी-सिगारेट यांनी तो चाळवतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चाळवतो. पण गोळी आपली आपण सोडायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. वजन उतरलं की बऱ्याच जणींना फरक पडतो.

आजार जास्त असेल तर दवाखान्यात मशीनने किरणांचा शेक देतात. चांगला उपाय आहे, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन खेपा होतात आणि तितके दिवस मजुरी बुडते, हे कुणी आधी सांगत नाही. नाहीतर मेथोट्रेक्सेटची गोळी असते. इथे कान देऊन ऐका. ही गोळी बहुधा आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्त कमी होतं, जिवावर बेततं. मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं. दिवस असताना ही गोळी चालत नाही, म्हणून मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

आणखी एक, सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील, टाच दुखत असेल, नखांवर अंगुस्तानासारखे खड्डे पडले असतील, तर 'कामाने होतंय' म्हणून सोडू नका. सोरायसिस सांध्यांतही जातो आणि उशीर झाला तर बोटं कायमची वाकडी होतात.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि वापरलेल्या ट्यूब बरोबर न्या, रिकाम्या असल्या तरी.

ताईंना परत बोलवायला आम्ही चौघी गेलो. त्यांनी दार उघडलं, चहा केला, पण यायचं लगेच कबूल केलं नाही. तीन आठवड्यांनी आल्या. आता त्या पोळ्या मोजून बांधतात आणि पैशांचं बघतात. तळहाताला भेग पडली की झाकतात, तो नियम तर आम्हा सगळ्यांनाच आहे. भांड्यांना त्यांना हात लावू देत नाही, कारण साबणाच्या पाण्याने त्यांच्याच हातांना त्रास होतो. केंद्रातल्या कालनिर्णयावर प्रत्येक रविवारी लाल गोल आहे. तो त्यांच्या गोळीचा दिवस. सोमवारी गोल खोडलेला दिसला नाही, तर आमच्यातली कुणीतरी विचारते.