केस पेपर सांभाळणाऱ्यांचा पगार

2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत रायगड होता. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर तेव्हा दीड लाखापर्यंतचे उपचार, 971 प्रक्रिया, प्रत्येकीला स्वतंत्र कोड. थळ-रेवदंड्याच्या कुटुंबांना विमा मिळाला आणि रुग्णालयांत एक नवे काम आले. केस पेपर वाचायचा, योग्य कोड लावायचा, कागद पोर्टलवर चढवायचे, त्रुटी निघाली की पुन्हा पाठवायचे. कोड चुकला की क्लेम अडकतो. एवढ्या जबाबदारीच्या कामाला माणसे घेतली गेली ती बहुतेक कंत्राटावर.

त्याआधी रेकॉर्ड रूम लिपिकाच्या हाती असे. सातव्या वेतन आयोगात कनिष्ठ लिपिकाचे मूळ वेतन 19,900 रुपयांपासून सुरू होते. वर महागाई भत्ता, घरभाडे, दरवर्षीची वाढ. शेजारच्या टेबलावर तेवढाच वेळ बसून कोड लावणाऱ्या कंत्राटी ऑपरेटरला मात्र ठोक मानधन आणि दर वर्षी कराराची धाकधूक.

दरम्यान खाडीपलीकडे वेगळाच बाजार उभा राहिला. 1 ऑक्टोबर 2015 ला अमेरिकेने आयसीडी-10 ही आजारांच्या वर्गीकरणाची पद्धत स्वीकारली आणि तिथल्या निदानांचे कोड सुमारे 14 हजारांवरून 69 हजारांच्या घरात गेले. ते लावणारी कार्यालये नवी मुंबईतही आहेत. तिथे बीएस्सी, बीफार्म झालेली मुले अमेरिकन रुग्णांचे चार्ट वाचतात. अचूकता 95 टक्क्यांखाली गेलेली चालत नाही. नवख्याला महिन्याला साधारण 15 ते 20 हजार. सीपीसी ही कोडिंगची प्रमाणपत्र परीक्षा पास झाली, अनुभव जमला की पगार चढतो. याच कामाचे अमेरिकेतले मध्यम वार्षिक वेतन मे 2023 मध्ये 48,780 डॉलर होते, म्हणजे महिन्याला सव्वातीन लाख रुपयांहून जास्त. तरीही इथल्या मुलांना ही नोकरी हवीशी वाटते, कारण निदान वाढीची वाट तरी दिसते. 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंत लोकल आली तेव्हापासून घरून जाऊन-येऊन ती करणेही सोपे झाले.

सरकारी बाजूला 14 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचे ठरले. त्याच्या अंमलबजावणीसाठी 19 ऑगस्ट 2025 पासून कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले, हे लाजिरवाणे आहे.

अलिबागला 2021 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या आणि तालुक्यांतल्या रुग्णालयांत केस पेपर सांभाळणाऱ्या अभिलेख तंत्रज्ञांची पुरेशी कायम पदे, वेतनश्रेणीसह, शासनाने भरावीत.